मेंढरं नेतील तिकडं

आजच्या या सत्कार सोहळ्याच्या अध्यक्षा, परभणीच्या महाविद्यालयात संरक्षणशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका राजेश्री मॅडम. आमच्या झरीचे सरपंच सूर्यभानराव. ज्यांच्यासाठी हा मांडव उभा राहिला ते आपले सत्कारमूर्ती, नुकतेच सैन्यातून निवृत्त होऊन आलेले नायब सुभेदार बिरदेव येडबा गडदे. त्यांच्या मातोश्री कासाबाई, ज्यांना व्यासपीठावर खुर्ची दिली तरी त्या खाली सतरंजीवरच बसल्या आहेत. सूत्रसंचालन करणारी आमची निकिता. समोर बसलेल्या माता-भगिनी, ज्येष्ठ मंडळी, तरुण मित्र आणि मांडवाच्या कडेला उभे राहून 'जेवण कधी' असा चेहरा केलेले बंधू, या सर्वांना बन्सीधर गुरुजींचा नमस्कार.

मी या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ बोललो. लग्नात बोललो, तेराव्याला बोललो, पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाला बोललो. टाकीत पाणी नंतर आलं, माझं भाषण आधी आलं. तेव्हा मला बोलता येत नाही असं कुणी म्हणणार नाही. पण मंडळी, आज मी गोंधळलेलो आहे. खरं सांगतो, इतका गोंधळ माझा कधी झाला नव्हता.

गोंधळ कशाचा? सांगतो. निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावापुढं विषय छापलाय, 'राष्ट्रीय लष्करी धोरणात विशेष दलांची भूमिका'. विषय मॅडमनी सुचवला, सरपंचांनी छापला आणि बोलायचं मी. बरं, सत्कार म्हटला की रीत काय असते? सत्कारमूर्तींनी काय केलं ते आधी सांगायचं आणि मग शाल घालायची. शिक्षक असला तर किती पिढ्या घडवल्या ते सांगतो. डॉक्टर असला तर किती जणांना हात दिला ते सांगतो. म्हणून मी परवा बिरदेवकडं गेलो. कागद-पेन घेऊन गेलो. म्हटलं, "बिरू, तू विशेष दलात होतास. सैन्यातलीसुद्धा निवडून काढलेली माणसं ती. तुझ्या कामगिऱ्या सांग, म्हणजे मी त्या चांगल्या शब्दांत मांडतो."

तो म्हणाला, "गुर्जी, चहा घ्या."

चहा घेतला. पुन्हा विचारलं. म्हटलं, "निदान कुठं कुठं होतास ते तर सांग."

तो म्हणाला, "डोंगर व्हते गुर्जी."

आता डोंगर होते, यावर भाषण करायचं कसं? मी गावात विचारत फिरलो. एक जण म्हणाला, तो काश्मीरलाच होता. दुसरा म्हणाला, छे, ईशान्येला. तिसऱ्यानं तर छातीठोक सांगितलं की बिरदेव तिथं स्वयंपाकी होता, म्हणून काही बोलत नाही. हसू नका! सैन्यातला स्वयंपाकीसुद्धा तुमच्या-आमच्यापेक्षा शूर असतो.

आणि त्या बसस्टँडवरच्या फ्लेक्सचं काय करायचं? आमच्या तरुण मंडळानं हौसेनं लावला. 'झरीचा वाघ' असं लिहिलं आणि बिरदेवचा गणवेशातला फोटो मिळाला नाही, म्हणून मोबाइलवरून तोंड झाकलेल्या कुठल्याशा जवानाचा फोटो उचलला. त्या जवानाचे डोळे निळे आहेत हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. कासाबाई बाजाराला निघाल्या होत्या, फ्लेक्सपाशी थांबल्या आणि पोरांना म्हणाल्या, "हे कोण पाव्हणं हायत?" आता तो फ्लेक्स तसाच आहे. त्याला हारही घातलाय. कुणाचा तरी मुलगा असेल तो, त्यालाही आशीर्वाद.

मिरवणुकीची गोष्ट तर तुम्हाला ठाऊकच आहे. अर्धं गाव ढोल-ताशा घेऊन परभणीच्या स्टेशनात उभं. सरपंचांच्या हातात एवढा मोठा हार. गाडी आली, गाडी गेली, बिरदेव काही उतरला नाही. कारण या गृहस्थांनी पूर्णेला एक्स्प्रेस सोडली, पॅसेंजर धरली, परभणीच्या अलीकडं पिंगळीला उतरले आणि भाजीच्या टेम्पोत बसून गावात आले. आम्ही स्टेशनात ताशे बडवतोय आणि हे घरी ओट्यावर भाकरी खायलेत! मी रागावून विचारलं तर म्हणतो, "माफ करा गुर्जी. म्होरं गर्दी दिसली की बाजूची वाट हुडकायची सवय लागलीय." एवढंच काय ते त्यानं आजवर आपल्या नोकरीबद्दल सांगितलं.

मग मी मॅडमना फोन केला. म्हटलं, मॅडम, हा माणूस काही सांगत नाही आणि तुमचा विषय तर माझ्या गळ्यात पडलाय. मॅडम हसल्या आणि त्यांनी मला फार सोपं करून सांगितलं. ते माझ्या शब्दांत सांगतो, चुकलं तर त्या भाषणात दुरुस्त करतीलच.

समजा, शेजारच्या देशाशी कुरबुर झाली. त्यांनी आपल्याला डिवचलं. आता राज्य चालवणाऱ्यांपुढं दोन ठळक वाटा असतात. एक, सगळी फौज घेऊन जायचं, म्हणजे युद्ध. दोन, गप्प बसायचं, म्हणजे अपमान गिळायचा आणि पुढच्या वेळी दुप्पट डिवचून घ्यायचं. या दोन्हींच्या मधून एक पायवाट जाते. ती इतकी अरुंद आहे की तिच्यावरून मोजकी माणसंच जाऊ शकतात. ती जातात, बघून येतात, कुणाला सोडवून आणतात, एखादी गोष्ट मोडून येतात आणि परत येतात. मोठं युद्ध टळतं आणि समोरच्याला जे कळायचं ते कळतं. ही त्या दलांची भूमिका. मी विचारलं, मग मॅडम, सगळी फौजच अशी का करत नाहीत? त्या म्हणाल्या, गुरुजी, अशी माणसं घाईनं तयार होत नाहीत. आणि त्यांच्यामागं हेलिकॉप्टरवाला, डॉक्टर, निरोप पोचवणारा, साधा पायदळाचा जवान नसला तर ती मोजकी माणसं डोंगरात एकटी पडतात. शिवाय एकदा यश आलं की राज्यकर्त्यांना मोह होतो, दरवेळी यांनाच पाठवू या. तो मोह आवरायचा असतो. मला पटलं. दाढीच्या वस्तऱ्यानं कुणी कापसाच्या पऱ्हाट्या तोडत नाही.

इथवर मला सगळं कळलं. पण मी पुढचा प्रश्न विचारला आणि तिथं गोंधळलो तो गोंधळलोच. म्हटलं, काम फत्ते झालं तर लोकांना कळतं का? त्या म्हणाल्या, बहुधा नाही. म्हटलं, फसलं तर? तरीही बहुधा नाही. मग म्हटलं, मॅडम, ज्यानं काय केलं ते कधीच कळणार नाही, त्याचा सत्कार करायचा तरी कशाबद्दल? मॅडम म्हणाल्या, "हे आमच्या पुस्तकात नाही गुरुजी."

मंडळी, मांडववाले आहेत का? बाबा, तो पिंपरणीच्या झाडावरचा कर्णा शाळेच्या मागं फिरवलास ना, मी सकाळी सांगितलं होतं तसा? फिरवलास. छान. आता का फिरवायला लावला तेही सांगतो. शाळेमागं माझं रान आहे. कापूस वेचून झालाय, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या आहेत आणि कालपासून तिथं मेंढरं बसलीत. मेंढरं भागवत गडदेची आहेत. भागवत म्हणजे आपल्या सत्कारमूर्तींचा सख्खा थोरला भाऊ. त्याला पत्रिका दिली, सरपंच स्वतः गेले, मी गेलो. तो म्हणाला, "गुर्जी, मेंढरं कोण बघंल?" त्याची बायको बबिता म्हणाली, "मी बघते की!" तर तिच्यावरच खेकसला. आणि आता आपण इथं भावाचा सत्कार करतोय आणि तो हाकेच्या अंतरावर आपल्याकडं पाठ करून बसलाय.

हे कुणाला माहीत नाही? सगळ्या गावाला माहीत आहे. या दोघा भावांत कितीतरी वर्षं बोलणं नाही. मेंढरांची वाटणी झाली, चूल वेगळी झाली. बिरदेव सुट्टीवर यायचा, आईपाशी राहायचा आणि भागवत त्या दिवसांत मुद्दाम मेंढरं मानवत तालुक्याच्या अंगाला घेऊन जायचा. का, ते मात्र फार थोड्यांना माहीत आहे. मला आज सकाळी कळलं. आणि तेव्हापासून मी लिहून आणलेलं भाषण खिशातच राहिलंय.

आधी तुम्हाला येडबांची आठवण करून देतो. या दोघांचे वडील. उंच, काळेसावळे, खांद्यावर घोंगडं, हसले की डोळे मिटायचे. दरवर्षी त्यांची मेंढरं माझ्या रानात बसायची. रानाला खत मिळायचं आणि त्यांना धान्य. आता माझा स्वभाव चौकशीचा. मी विचारायचो, "येडबा, उद्या कुठं मुक्काम?" येडबा आभाळाकडं बघायचे आणि म्हणायचे, "बघू. मेंढरं नेतील तिकडं."

मला राग यायचा. मी एवढा गुरुजी, माझ्याच रानात बसलाय आणि मलाच सरळ उत्तर नाही! मेंढरं कुठं नेतात? मेंढरांना येडबा नेतो! खूप वर्षांनी त्यांनीच कारण सांगितलं. मेंढरांचा रात्रीचा मुक्काम, त्याला हे लोक वाडा म्हणतात, तो उद्या कुठं पडणार हे आदल्या दिवशी कुणालाच सांगायचं नाही, ही त्यांची रीत. चोर टेम्पो घेऊन येतात. आणि चोर काही पाटी लावून विचारत नाही, तो ओळखीच्या माणसाकडून काढून घेतो. येडबा म्हणाले, "गुर्जी, तुमी भले हाव. पर तुमी चार जणास्नी सांगताव." हे मात्र अगदी खरं होतं. आजही आहे, आता तुम्ही बघतच आहात.

म्हणजे कुणी 'मेंढरं नेतील तिकडं' म्हणालं, तर त्यात उद्धटपणा नाही, टाळाटाळ नाही. त्याचा अर्थ इतकाच की माझ्या जिवावर बरंच काही सोपवलंय, आता मला विचारू नकोस. वाडा हलला की मात्र जुन्या मुक्कामाचं नाव घ्यायला हरकत नसते. हे दोन्ही पोरगे हीच रीत शिकत वाढले.

येडबा शेवटच्या आजारात अंथरुणावर होते तेव्हाची गोष्ट. बिरदेवचा बरेच दिवस पत्ता नव्हता. एके दिवशी त्याचा फोन आला. आवाज तुटक. भागवतनं स्पीकर लावून मोबाइल बापाच्या उशाशी धरला. येडबांनी विचारलं, "बिरू, कवा येतूस रं?"

पलीकडून मग बिरदेव म्हणाला, "बघू आबा. मेंढरं नेतील तिकडं."

फोन तुटला. भागवत पेटला. बाप मरणाच्या दारात आहे आणि हा चेष्टा करतोय? आयुष्यात मेंढरं नकोत म्हणून जो पळून गेला, त्यानं बापाचीच बोली बापाला ऐकवावी? तो तसाच ताडकन उठून बाहेर गेला. येडबा गेले तेव्हा अग्नी भागवतनं दिला. बिरदेव आला तो कितीतरी दिवसांनी, हडकलेला, दाढी वाढलेली. भागवतनं ओसरीतच विचारलं, "कुठं व्हतास?" बिरदेव खाली मान घालून उभा राहिला. काही म्हणजे काही बोलला नाही. तिथं ते दोघं तुटले.

भागवतचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, वर चार जणांना सांगितलंही असतं. पण नवल याचं वाटतं की असली चूक व्हावी तर या घरातच व्हावी. दुसऱ्या कुणाला त्या वाक्याचा अर्थ लागला नसता तर समजण्यासारखं होतं. हा माणूस स्वतः रोज तेच उत्तर देतो! काल मीच त्याला विचारलं, "भागवत, इथून पुढं कुठं?" तर काय म्हणाला असेल? बापासारखंच आभाळाकडं बघितलं. रीत मेंढरांची आहे, असं त्याच्या मनात पक्कं. ती डोंगरातल्या माणसालाही लागू पडेल हे त्याला कसं सुचावं? आपलाच शब्द परक्या मुलखातून आला आणि ओळखू आला नाही.

आज सकाळी मी कासाबाईंना न्यायला गेलो. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "गुर्जी, तुमी आज बोलणार हाव न्हवं? मग एक सांगते. भागवत रागानं भाईर गेला, तवा हे हसले."

म्हटलं, "कोण हसलं?"

"बिरूचा बाप. फोन तुटायच्या आदी बी हसले, भागवतला रागात ती खोकल्याची उबळ वाटली, अन् मागून बी हसले. मला म्हनले, कासे, पोरगं वाड्यावर हाय. म्होरं मेंढरं हायत त्याच्या. आता त्याला हाका मारू नगा कुणी. अन् हे कुणाला सांगू नगंस. मग पानी मागितलं."

मी म्हटलं, "अहो कासाबाई, हे तुम्ही भागवतला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं? दोन्ही पोरं एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि तुम्ही गप्प?"

मंडळी, त्या माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, "पोरगं तिकडंच व्हतं की अजून! वाडा हलला न्हवता. म्या कशी सांगू? भागवत माजंच लेकरू हाय, पर रागाचं मानूस कुठंबी बोलून जातं. आता बिरू घरी आलाय. कायमचा आलाय. आता वाडा हलला. आता सांगते."

मी चुलीपाशी उभा होतो, धूर होता. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं आलं असं मी म्हणू शकतो, पण ते खोटं होईल.

राजेश्री मॅडम, तुम्ही मला राष्ट्राचं धोरण समजावलंत. त्यात ती मोजकी माणसं आली, त्यांच्यामागची फौज आली, राज्यकर्ते आले. यात कासाबाई कुठल्या प्रकरणात येतात? हा माझा गोंधळ तुम्ही सोडवा. एक माणूस सांगू शकत नाही, म्हणून एका माणसाला त्याचा राग धरावा लागतो, आणि दोघांची आई दोघांना सारख्याच भाकरी वाढून तोंड मिटून बसते. हे दिल्लीच्या कुठल्या बैठकीत ठरलं? यांना कुणी विचारलं होतं? आणि यांनी नकार दिला असता, आरडाओरडा केला असता, तर तुमची ती अरुंद पायवाट टिकली असती का? मला माहीत नाही. मी परभणी जिल्ह्यातला साधा शिक्षक. पण सत्कार कशाबद्दल करायचा, हे मला आता थोडं थोडं कळायला लागलंय. आणि शाल एकच आणलीय याचं वाईट वाटतंय.

मी हे सगळं बोलायला हवं होतं की नाही, तेही मला कळत नाही. बिरदेव, तू माझ्याकडं असा बघू नकोस. मी जागा सांगितली नाही, तारीख सांगितली नाही. मला ती ठाऊकच नाही. मी फक्त एक म्हातारा हसला एवढंच सांगितलं.

काय झालं? सगळे मागं का बघायलेत? निकिता, काय आहे तिकडं?

थांबा. उठू नका. वाट द्या. माता-भगिनींनो, जरा पाय आवरा, त्यांना येऊ द्या.

भागवत, ये. चपला असू देत. काठी राहू दे हातात, कुणी काही म्हणणार नाही. सूर्यभानराव, तुम्ही आता हार घेऊन मध्ये जाऊ नका, कृपा करून. बसा.

मागच्या मंडळींना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सांगतो. भागवतनं आपल्या सत्कारमूर्तींना विचारलं, "आबा हसल्यालं तुला ऐकू आलं व्हतं का?"

आणि ज्यानं मला डोंगर होते यापलीकडं काही सांगितलं नाही, तो बिरदेव म्हणाला, "व्हय दादा. आलं व्हतं."

शांत राहा. टाळ्या नकोत. टाळ्या नकोत म्हटलं ना! भागवत बोलतोय.

तो म्हणाला, "मग चल. मेंढरं पान्यावर न्यायचीत. बबिताला आवरंनात."

बिरदेव, अरे, फेटा तरी... असू दे. जा. शाल मी कासाबाईंच्या हाती देतो. कासाबाई, तुम्ही रडू नका. रडा. मला काय करायचंय.

तर मंडळी, सत्कारमूर्ती सत्काराच्या आधीच निघून गेले आहेत. समोरून नाही, मांडवाच्या बाजूच्या वाटेनं गेले, सवयीप्रमाणं. अध्यक्षांचं भाषण व्हायचं आहे, ते रिकाम्या खुर्चीपुढं होईल, त्याबद्दल मॅडमची मी हात जोडून क्षमा मागतो. आयोजकांचे, मांडववाल्यांचे, कर्णा फिरवणाऱ्याचे आणि स्वयंपाकाच्या मंडळींचे आभार मानतो. विषय मोठा होता, माझी बुद्धी लहान. बोलण्याच्या भरात कुणाच्या घरातलं चव्हाट्यावर आलं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर आपलाच बडबडा गुरुजी म्हणून पदरात घ्या.

आणि एकच विनंती. परभणीहून पत्रकार यायचे आहेत, त्यांना उशीर झालाय. ते येऊन विचारतील, सत्कारमूर्ती कुठं गेले? तुम्ही सगळ्यांनी शाळेमागच्या रानाकडं बोट दाखवायचं नाही. आभाळाकडं बघायचं आणि काय म्हणायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.